परक्याचें टपाल आपल्या पेटींत

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, मंचरच्या जवळ, अवसरी नांवाचीं दोन गांवें आहेत. एक अवसरी खुर्द व दुसरें अवसरी बुद्रुक. फार्सींत ‘खुर्द’ म्हणजे लहान आणि ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर. त्या बुजुर्गाचेंच मराठी तोंडांत ‘बुद्रुक’ झालें. महाराष्ट्रांत अशा जोड्या ठिकठिकाणीं आढळतात. आज त्यांतील कोणतें गांव मोठें व कोणतें लहान, हें नांवावरून ठरविण्यांत अर्थ नाहीं. ज्या काळीं नांवें पडलीं त्या काळचा तो हिशेब आहे. परंतु टपालाच्या दृष्टीनें या जोड्यांनीं एक कायमची अडचण करून ठेविली आहे. पत्र लिहिणारा घाईंत नुसतें ‘अवसरी’ असें लिहितो, आणि पुढचा सारा भार टपालवाल्याच्या शहाणपणावर पडतो. तालुक्याचें नांव घातलें म्हणजे निभावलें, असेंहि नाहीं. आंबेगांव बुद्रुक व आंबेगांव खुर्द हीं गांवें थेट पुणें शहरांत, कात्रजच्या बाजूस आहेत. आंबेगांव तालुका शहराच्या उत्तरेस. त्याची कचेरी घोडेगांवांत. आणि ज्या मूळ आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें, तें डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलेलें!

तथापि जुन्या टपालांत पत्ता चुकला म्हणजे पत्र चुकलेंच, असें होत नसे. याचें कारण, पत्र माणसांच्या हातांतून जाई. गांवच्या पोस्टमनला घराणीं ठाऊक असत. कोणाचा मुलगा मुंबईस नोकरीला आहे, कोणाची मुलगी नारायणगांवास दिली आहे, हें त्यास माहीत असे. पाकिटावरील अक्षर व टपालाचा शिक्का पाहून तो ओळखी कीं, हें पत्र येथलें नव्हे, शेजारच्या अवसरीचें आहे. अगदींच उलगडा झाला नाहीं तर पत्र पाठविणाराकडे परत जाई. आणि त्याचाहि पत्ता नसेल तर तें ‘डेड लेटर ऑफिस’ नांवाच्या कचेरींत पोंचे. तेथील अधिकाऱ्यांना पत्र उघडून आंतील मजकुरावरून धन्याचा शोध घेण्याचा अधिकार असे. पुढें या कचेरीस ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ असें सौम्य नांव मिळालें. काम तेंच राहिलें.

देशाचा व्यवहार वाढला तशी ही घरगुती व्यवस्था अपुरी पडूं लागली. एकाच नांवाचीं अनेक गांवें, पत्ते निरनिराळ्या भाषांत व लिपींत, आणि त्यांत चुकांची भर, अशा स्थितींत १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानें केली. वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयांत होते, आणि संस्कृत कवि म्हणूनहि त्यांची ख्याति होती. ज्यानें आयुष्यभर शब्दांची उपासना केली त्यानेंच टपालाला शब्दांवर विसंबून न राहण्याचा मार्ग दाखवावा, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. सहा आंकड्यांपैकीं पहिला विभागाचा. आपल्याकडील ४ हा आंकडा महाराष्ट्र, गोवें, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांचा. पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो, व शेवटचे तीन वांटप करणारें कार्यालय दाखवितात. अवसरी खुर्दचा आंकडा ४१२४०५. शेजारच्या मंचरचा ४१०५०३.

या आंकड्यांचा खरा उपयोग केवळ वेगासाठीं नाहीं. पिनकोड घातला म्हणजे पत्त्यावर एकच गोष्ट दोनदां सांगितली जाते, एकदां अक्षरांनीं व एकदां आंकड्यांनीं. गांवाचें नांव चुकलें तर आंकडा तें उघडकीस आणतो. आंकडा चुकला तर गांवाचें नांव साक्ष देतें. दोन साक्षी जुळल्या नाहींत तर वर्गवारी करणारा थांबतो व विचार करतो. पत्त्यांतील ही द्विरुक्ति वरवर पाहतां फुकटची वाटते. तीच पत्राचें रक्षण करते.

ई-मेलच्या पत्त्यांत नेमकी हीच द्विरुक्ति नाहीं. परक्याचीं पत्रें आपल्या पेटींत येऊन पडण्याचा जो त्रास आज घरोघर सुरू आहे, त्याचें मूळ येथें आहे.

ई-मेलचा जन्म १९७१ मधला. अमेरिकेंत केंब्रिज येथील एका संस्थेंत काम करणारे रे टॉमलिन्सन यांनीं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवून पाहिला. दोन्ही यंत्रें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं होतीं. माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें कांहीं खूण हवी म्हणून त्यांनीं टंकयंत्राच्या पट्टीवर असलेलें, परंतु कोणाच्याहि नांवांत न येणारें एक चिन्ह निवडलें. तें व्यापारी हिशेबांतलें, ‘दरानें’ या अर्थाचें चिन्ह होतें. आपल्याकडे लोक तें अजूनहि ‘ॲट द रेट’ असेंच वाचतात. पत्ता सांगतांना भाव सांगितल्यासारखें वाटतें खरें, पण शब्द रूढ झाला आहे आणि तो समजतो.

या चिन्हाच्या उजवीकडे टपाल संस्थेचें नांव असतें, डावीकडे पेटीचें. पत्र निघालें म्हणजे पाठविणाराच्या बाजूचें यंत्र इंटरनेटवरील नामसूचींत उजवीकडचें नांव शोधतें, व त्या संस्थेच्या यंत्राशीं संधान बांधतें. मग तें एकच प्रश्न विचारतें : “या नांवाची पेटी तुमच्याकडे आहे काय?” होकार आला कीं पत्र हवालीं होतें. नकार आला तर ‘अशी पेटी नाहीं’ असा शेरा घेऊन तें परत येतें. डावीकडच्या नांवाचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ शेवटच्या यंत्राला असतो, असा या व्यवहाराचा नियमच आहे. वाटेंतील यंत्रानें त्यांत दुरुस्ती करावयाची नसते. म्हणजे पोस्टमनचें जें खरें कौशल्य, तेंच येथें नियमानें वर्ज्य ठरलें. पेटी आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें. ती ज्याची असावयास हवी त्याचीच आहे कीं नाहीं, हें कोणीच पाहत नाहीं.

जोंपर्यंत पेट्या थोड्या होत्या तोंपर्यंत याची बाधा फारशी झाली नाहीं. चुकीच्या नांवाची पेटी बहुधा अस्तित्वांतच नसे, आणि पत्र परत येई. आतां स्थिति उलट झाली आहे. जीमेल १ एप्रिल २००४ रोजीं सुरू झालें, व २०१८ मध्यें तें वापरणारांची संख्या दीड अब्ज असल्याचें गूगलनें सांगितलें. इतक्या दाट वस्तींत साध्या नांवाची बहुतेक प्रत्येक जागा कोणीतरी घेतलेली आहे. एक अक्षर गळलें, एक आंकडा बदलला, कीं पत्र रिकाम्या जागीं न जातां शेजारच्या दारांत जातें आणि निमूटपणें आंत घेतलें जातें. आंबेगांव तालुक्यांत अवसरी दोनच; येथें प्रत्येक अवसरीच्या भोंवतीं शंभर अवसऱ्या आहेत, आणि त्यांना खुर्द-बुद्रुकहि लावलेलें नाहीं.

मराठी माणसाच्या बाबतींत चुकीस आणखी एक वाट आहे, ती रोमन लिपीची. आपलीं नांवें एका लिपींतलीं, पत्ते दुसऱ्या लिपींतले. ‘अवसरी’ हाच शब्द घ्यावा. ‘व’ला कोणी ‘व्ही’ घालतो, कोणी ‘डब्ल्यू’. त्याच्या पुढें कोणी ‘ए’ घालतो, कोणी गाळतो. शेवटची दीर्घ ‘ई’ कोणी एका ‘आय’नें लिहितो, कोणी दोन ‘ई’ लावून. एवढ्यावरच एका चार अक्षरी नांवाचीं आठ रूपें झालीं, आणि देवनागरींत वाचणाराला तीं आठही एकच! जाधव, वाघ, शिंदे, भोसले यांचें असेंच होतें. त्यांत आपल्या आडनांवांचा व पाळण्यांतल्या नांवांचा साठा मर्यादित. एकाच नांव-आडनांवाचीं माणसें प्रत्येक शहरांत सांपडतात. पहिला आलेला साधा पत्ता घेऊन बसतो, आणि मागून येणारे आपल्या नांवापुढें जन्मसाल, शुभांक किंवा गाडीचा नंबर जोडतात. ज्याची शेंपटी लिहितांना गळली त्याचें पत्र त्या पहिल्या माणसाकडे गेलेंच म्हणून समजावें. हा पहिला माणूस पुण्यांत असेल, नागपुरांत असेल किंवा न्यू जर्सींत स्थायिक झालेल्या कुटुंबांतला असेल; त्याच्या पेटींत कोणा अनोळखी समनामकाचें विजेचें बिल, विम्याचा हप्ता, रक्ताच्या तपासणीचा अहवाल व लग्नाचें निमंत्रण येत राहतें.

तोंडी पत्ता सांगण्यानेंहि बरेच घोटाळे होतात. दूरध्वनीवर ‘एम’ व ‘एन’ सारखेच ऐकूं येतात; ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’, ‘व्ही’ हीं तर सख्खीं भावंडें. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर विद्यार्थी पत्ता सांगतो, चालक भराभर टंकीत करतो, पाठीमागें रांग उभी असते, आणि उतारा ताडून पाहण्यास कोणासच सवड नसते. कांहीं चालक, अर्जदाराला पत्ता नसल्यास, स्वतःचाच घालून मोकळे होतात.

जीमेलच्या टिंबाविषयीं एक मोठा गैरसमज आहे, त्याचा उलगडा येथें केला पाहिजे. नांव व आडनांव यांच्यामध्यें टिंब असलेला पत्ता व नसलेला पत्ता हे दोन निराळ्या माणसांचे आहेत, असें पुष्कळांना वाटतें. आणि दुसऱ्याचें पत्र आलें म्हणजे ‘त्याच्या पत्त्यांत टिंब आहे, माझ्यांत नाहीं, म्हणून घोटाळा झाला’ असें ते अनुमान करतात. तें चुकीचें आहे. जीमेल आपल्या पत्त्यांतील टिंबें मोजतच नाहीं. टिंब असो, नसो, चार असोत, पेटी एकच व धनीहि एकच. तेव्हां तो दुसरा गृहस्थ स्वतःचाच पत्ता चुकीचा सांगत आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा खरा पत्ता कांहीं निराळा असतो. त्यांतील एखादा आंकडा तो विसरलेला असतो. मात्र हा नियम जीमेलच्या व्यक्तिगत पेट्यांचा झाला. इतर कित्येक संस्थांकडे टिंबाला अक्षराइतकीच किंमत आहे, आणि तेथें तें गाळल्यास पत्र खरोखरच दुसरीकडे जाईल.

क्वचित् पत्ता अगदीं बरोबर असूनहि पत्र परक्याकडे जातें. २०१३ मध्यें याहूनें दीर्घकाळ न वापरलेलीं नांवें परत घेऊन नव्या मागणारांना वांटलीं. नव्या धन्यांपैकीं कित्येकांच्या पेटींत जुन्या धन्याचीं खासगी पत्रें येऊं लागल्याच्या तक्रारी त्याच वर्षीं झाल्या. भाडेकरू बदलला, पण दारावरील पाटी तीच राहिली, असा हा प्रकार.

मोठमोठीं राज्येंहि यांतून सुटलेलीं नाहींत. नोव्हेंबर २०१४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं जी-२० राष्ट्रांची परिषद भरली. तिच्यासाठीं आलेल्या ३१ राष्ट्रनेत्यांचे पारपत्र-क्रमांक, जन्मतारखा इत्यादि माहिती तेथील परदेशगमन खात्याच्या एका कर्मचाऱ्याकडून चुकून आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या चालकांकडे गेली. त्यांत भारताच्या पंतप्रधानांचीहि माहिती होती. पत्त्याचीं पहिलीं अक्षरें टाइप करतांच यंत्र उरलेला पत्ता आपण होऊन भरतें. त्यानें दुसरेंच नांव पुढें केलें आणि कर्मचाऱ्यानें तें न पाहतां कळ दाबली. दुसरें उदाहरण याहून विलक्षण आहे. अमेरिकन सैन्याचे पत्ते ‘एम-आय-एल’ या तीन अक्षरांनीं संपतात. त्यांतील मधलें अक्षर गळलें कीं ‘एम-एल’ उरतें, आणि तीं अक्षरें आफ्रिकेंतील माली या देशाचीं आहेत. मालीच्या नामसूचीची व्यवस्था २०१३ पासून एका डच व्यावसायिकाकडे होती. त्यानें जानेवारी २०२३ पासून अशीं चुकलेलीं पत्रें जमविण्यास सुरुवात केली, तों जुलैपर्यंत त्यांची संख्या १ लाख १७ हजारांच्या घरांत गेली. त्यांत वैद्यकीय कागद होते, ओळखपत्रें होतीं, अधिकाऱ्यांच्या प्रवासाचे तपशील होते. एवढ्या अवाढव्य सैन्याला एका अक्षराचा बंदोबस्त वर्षानुवर्षें करतां आला नाहीं.

परंतु राष्ट्रप्रमुखांचें कांहीं बिघडलें नाहीं. बिघडतें तें सामान्य माणसाचें. अवसरी खुर्द येथें आज शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथून किंवा अशाच दुसऱ्या ठिकाणाहून शिकून बाहेर पडलेल्या मुलाचें मुलाखतीचें बोलावणें आतां पोस्टमन आणीत नाहीं. तें ई-मेलनें येतें. समजा, त्याच्या अर्जांत एक आंकडा चुकला. बोलावणें तिसऱ्याच माणसाकडे गेलें. त्या माणसानें तें जाहिरात समजून पुसून टाकलें. कंपनीच्या दप्तरीं ‘पत्र पाठविलें, परत आलें नाहीं’ अशी नोंद राहिली, आणि ती खरीहि आहे. मुलगा वाट पाहत राहिला. त्याची समजूत, आपली निवड झाली नाहीं. तिघांपैकीं कोणालाच चुकीचा पत्ता लागला नाहीं, आणि पुढेंहि लागणार नाहीं. कागदी पत्र चुकलें तर निदान कोठेंतरी पडून राहतें, महिन्यांनीं का होईना हातीं येतें. येथें तें दिसेनासें होतें.

असें परक्याचें टपाल हातीं आल्यास काय करावें? १८९८ च्या टपाल कायद्यांत, दुसऱ्याचें पत्र आपल्याकडे आलें असतां तें जाणूनबुजून दडवून ठेवणाऱ्यास कैदेची शिक्षा सांगितली होती. त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या टपाल कायद्यानें घेतली. तो जून २०२४ मध्यें अमलांत आला, आणि त्यांत तें कलम राहिलेलें नाहीं. ई-मेलला तर तें कधीं लागूच नव्हतें. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानें चुकून झालेल्या प्रकटीकरणाचीहि गणना माहितीच्या भंगांत केली आहे. पण तें बंधन माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर आहे, ज्याच्या पेटींत पत्र येऊन पडलें त्या गृहस्थावर नव्हे. त्याचें वर्तन त्याच्या सभ्यतेवरच सोंपविलेलें आहे.

पत्र माणसानें माणसाला लिहिलेलें असेल, तर ‘हें पत्र चुकून माझ्याकडे आलें आहे, योग्य पत्ता पाहावा’ एवढें एक वाक्य उलट लिहावें, आणि मूळ पत्र पुसून टाकावें. याला अर्धें मिनिट लागतें, व त्या अर्ध्या मिनिटावर कोणाची नोकरी अवलंबून असूं शकते. पत्रांतील दुवा मात्र उघडूं नये, जोडलेला कागद उतरवून घेऊं नये. हल्लीं लबाड लोक मुद्दाम ‘चुकलेल्या’ पत्राचें सोंग घेऊन जाळें टाकतात. आंत दुसऱ्याच्या मोठ्या रकमेची पावती दाखवितात, आणि कुतूहलानें वा भीतीनें कोणी दुवा दाबला कीं त्याचें स्वतःचें खातें धोक्यांत येतें. कोणी आपल्या पत्त्यावर एखाद्या दुकानाचें वा संस्थेचें खातें उघडलें असेल, तर परवलीचा शब्द बदलून त्या खात्यांत शिरण्याचा मोह कित्येकांना होतो. तो आवरावा. ‘हें खातें माझें नव्हे’ असें कळविण्याची सोय त्या संस्थेनें ठेविली असेल तर ती वापरावी.

खरी अडचण संस्थांच्याच पत्रांची आहे. त्यांच्या तळाशीं बहुधा ‘या पत्त्यावर उत्तर पाठवूं नये’ असें छापलेलें असतें. म्हणजे चूक कळविण्याची इच्छा असलेल्या सज्जनालाहि दार बंद! वास्तविक उपाय सोपा व जुना आहे. ग्राहकानें पत्ता दिला कीं त्यावर प्रथम एक कोरें पत्र पाठवावें, त्यांतील दुवा दाबून धन्यानें ‘हा माझा पत्ता’ अशी कबुली द्यावी, आणि नंतरच हिशेब, अहवाल, बिलें पाठवावीं. पुष्कळ संस्था असें करतात. ज्या करीत नाहींत त्यांना ग्राहकाचा अर्ध्या मिनिटाचा खोळंबा नको असतो. त्याची गुप्तता गेली तरी चालते. पिनकोडानें कागदी पत्त्याला जी दुसरी साक्ष दिली, तीच ही कबुली ई-मेलच्या पत्त्याला देते. घरगुती व्यवहारांतहि हें करतां येतें. नव्या पत्त्यावर महत्त्वाचा कागद धाडण्यापूर्वीं दोन ओळींचें पत्र पाठवावें, व त्याचें उत्तर येईपर्यंत थांबावें. तोंडी पत्ता सांगतांना ‘एम मुंबईचा, एन नागपूरचा’ असें सांगावें, आणि ऐकणाराकडून तो परत म्हणवून घ्यावा.

पत्ता देवनागरींतच लिहिला तर रोमन लिपीचा सारा घोळ मिटेल, असें कोणी सुचवितील. ती सोय आतां आहे. इतर लिपींतील पत्त्यांचे नियम २०१२ मध्यें ठरले. ‘भारत’ हें देवनागरी प्रत्यय-नांव ऑगस्ट २०१४ मध्यें सुरू झालें, व तें मराठीलाहि खुलें आहे. राजस्थान सरकारनें २०१७ च्या अखेरीस नागरिकांना हिंदींतील पत्ते देऊं केले. अद्याप कित्येक संस्थांचे अर्ज असे पत्ते स्वीकारीत नाहींत, त्यामुळें त्यांचा प्रसार थोडा आहे. पुढें तो वाढला तर ‘अवसरी’चीं आठ रूपें जाऊन एक उरेल हें खरें. परंतु यंत्राला ह्रस्व-दीर्घाची क्षमा ठाऊक नाहीं. आणि शाळेच्या दाखल्यावर ‘सुनील’, शिधापत्रिकेवर ‘सुनिल’ अशीं दोन नांवें घेऊन वावरणारे गृहस्थ महाराष्ट्रांत थोडे नाहींत. त्यांच्या पेट्या तेथेंहि निराळ्याच राहतील.